लाकडाची धूळ घरात नको, यंत्राचा गोंगाट शेजारी नको

लोहा हे नांदेड-लातूर रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. अशा गावांतल्या आपल्या वस्त्यांत गेल्या काही वर्षांत एक बदल झाला आहे. गावगाड्यात सुतारकी हे ठरलेल्या बलुत्याचे काम होते, आपल्या माणसाच्या हाती रंधा येत नव्हता. आज आपली मुले आयटीआयला किंवा एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली राहून फर्निचरचे काम शिकतात आणि घराच्या पुढच्या पत्र्याच्या खोलीत स्वतःचे काम सुरू करतात. दिवाण, शोकेस, दाराच्या चौकटी, स्वयंपाकघरातली कपाटे. लग्नसराईत तर रात्रीचे अकरा वाजले तरी कटर चालू असतो. हे चांगलेच आहे. पण त्या खोलीच्या मागे एकच दार, त्या दाराच्या आत चूल, बाज आणि दहावीचा अभ्यास करणारी मुलगी. या लेखात त्या दाराबद्दल बोलायचे आहे.

भुसा म्हणजे घाण, झाडून टाकली की झाले, असे आपल्याकडे समजतात. डोळ्याला दिसणारा भुसा खरोखरच फारसा धोक्याचा नाही. तो जड असतो, खाली पडतो, नाकात गेला तरी शिंकेबरोबर बाहेर येतो. धोका न दिसणाऱ्या धुळीचा आहे. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. सँडरमधून निघणाऱ्या धुळीतले पुष्कळ कण १० मायक्रॉनहूनही बारीक असतात. ते तासन् तास हवेत तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर खोल जातात. मिस्त्री काम थांबवून जेवायला बसतो तेव्हाही खोलीत ती धूळ असतेच, आणि दार उघडे असेल तर ताटावरही असते.

इंग्लंडमध्ये हाय विकम नावाचे खुर्च्या-टेबलांसाठी प्रसिद्ध गाव आहे. तिथे १९६० च्या दशकात नाक-कान-घशाच्या डॉक्टर एस्मे हॅडफिल्ड यांच्याकडे नाकाच्या आतल्या एका अगदी दुर्मीळ कर्करोगाचे रुग्ण येऊ लागले, आणि ते बहुतेक फर्निचर कारागीर निघाले. १९६८ साली डोनाल्ड ॲचिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यात हॅडफिल्डही होत्या, हे निरीक्षण ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. तंबाखूचा धूरही त्याच गटात आहे. हा कर्करोग दुर्मीळ आहे आणि तो वर्षानुवर्षे धूळ खाल्ल्यावर होतो, त्यामुळे घाबरून धंदा सोडायचे कारण नाही. रोजचे त्रास वेगळेच असतात: सतत वाहणारे नाक, रात्रीचा खोकला, दमा, सागवानाच्या धुळीने हातावर आणि मानेवर उठणारी खाज. एमडीएफच्या पाट्यांमध्ये फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो, आणि तोही २००४ पासून त्याच पहिल्या गटात आहे. बाभळीचे औत घडवणाऱ्या जुन्या सुताराच्या आणि एमडीएफ कापणाऱ्या आजच्या पोराच्या धुळीत हा फरक आहे.

यावर कुणी म्हणेल, की भुसा ओढणारे यंत्र मिळते, ते घ्या. बऱ्याच जणांनी घेतलेही आहे, पण ते कोपऱ्यात पडून असते. कारण विचारले की एकच उत्तर मिळते: फार ओरडते. कटरचा आवाज दोन मिनिटांचा असतो, ओढणाऱ्या यंत्राचा दिवसभर चालतो. लेकरू झोपत नाही, शेजारची म्हातारी भिंतीवर थापा मारते, शेवटी घरची बाईच म्हणते की ते बंद करा. मग धूळ घरात राहते. म्हणून माझे मत असे आहे की घरगुती कारखान्यात धूळ आणि आवाज हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. आवाज कमी झाला तरच यंत्र चालू राहील, आणि यंत्र चालू राहिले तरच धूळ कमी होईल.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. साधे बोलणे साधारण ६० डेसिबल असते. कटर, राऊटर आणि प्लेनर ९५ ते १०५ पर्यंत जातात. आठ तास ऐकायला ८५ डेसिबल ही वरची मर्यादा धरतात, आणि त्यावर प्रत्येक ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. हिशेब केला तर १०० डेसिबलला दिवसातून फक्त १५ मिनिटे उरतात. मोजायचे यंत्र नसेल तर हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलून पाहा. ओरडावे लागत असेल तर तुम्ही ८५ च्या वर आहात. असे गेलेले ऐकू परत येत नाही. आधी बारीक, उंच आवाज जातात, म्हणून माणूस म्हणतो, ‘ऐकू येते, पण समजत नाही.’ घरात टीव्हीचा आवाज वाढत चालला असेल तर मिस्त्रीचे कान तपासून घ्या.

आता मुख्य काम, यंत्राची मांडणी.

बाजारात दोन जातीची यंत्रे मिळतात. एक व्हॅक्यूम क्लीनरच्या जातीचे. त्यात कार्बन ब्रशची छोटी मोटर असते, ती मिनिटाला वीस हजारांच्या आसपास फेरे घेते, म्हणून तो कर्कश किंचाळणारा सूर निघतो. ते बारीक नळीतून जोरात ओढते, त्यामुळे सँडर आणि राऊटरसारख्या हातातल्या यंत्रांना चांगले. दुसरे मोठ्या पंख्याचे, ज्याला दुकानदार डस्ट कलेक्टर म्हणतात. त्यात पाण्याच्या पंपाला असते तशी इंडक्शन मोटर असते, ती मिनिटाला २८०० च्या आसपास फेरे घेते. तिचा आवाज घुमतो, टोचत नाही, आणि भिंतीआड ठेवला तर बराच मवाळ होतो. टेबलावरचा कटर आणि प्लेनर यांना हेच हवे, कारण तिथे जोर कमी चालतो पण हवा भरपूर लागते. दोन्ही घेण्याची ऐपत नसेल तर ज्या यंत्रावर दिवसाचा जास्त वेळ जातो त्याला शोभेल ते घ्या. दिवसभर सँडर मारणाऱ्याने मोठा पंखा घेऊन उपयोग नाही.

ओढणारे यंत्र आणि कटर यांच्या मध्ये एक डबा बसवा. याला सायक्लोन म्हणतात, आणि त्यात एकही फिरणारा भाग नसतो. धुळीची हवा डब्यात कडेने, भिंतीला घासत शिरते आणि गोल फिरते. जड भुसा भिंतीकडे फेकला जाऊन खाली बसतो, हवा मधल्या नळीने वर निघून जाते. लाकूड कापायच्या गिरण्यांवर असे मोठे शंकू फार पूर्वीपासून बसवलेले असतात. १९७० च्या दशकाच्या शेवटी जेम्स डायसन या इंग्रज माणसाला असाच गिरणीवरचा शंकू पाहून पिशवीशिवाय चालणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरची कल्पना सुचली आणि त्याने त्यावर हजारो नमुने बनवले. आपल्याला एकच बनवायचा आहे, आणि त्याचे प्लास्टिकचे तयार शंकूही मिळतात. त्याचा आवाजाशी काय संबंध, असे वाटेल. आहे. भुसा यंत्राच्या जाळीत अडकला की हवा कोंडते, व्हॅक्यूमची छोटी मोटर मोकळी होऊन आणखी जोरात फिरते आणि सूर चढतो. भुसा डब्यात राहिला तर जाळी स्वच्छ राहते, ओढ टिकते आणि यंत्र किंचाळत नाही.

डबा निवडताना रंगाची पातळ बादली घेऊ नका. नळीच्या तोंडाशी फळी चिकटली की आतली हवा ओढली जाऊन बादली चेपते. ऑईलचा पत्र्याचा डबा किंवा जाड प्लास्टिकचा पिंप घ्या. झाकणाला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवली की फट राहत नाही. फट राहिली तर सायक्लोन काम करत नाही, भुसा सरळ वर जातो, आणि माणूस म्हणतो की हे सगळे फसवे आहे. डबा अर्धा भरला की रिकामा करा.

पाइपाचा हिशेब असा. लाकडाचे छिलके पाइपात न साचता वाहून जायला हवेचा वेग सेकंदाला साधारण २० मीटर लागतो. चार इंची पाइपात त्या वेगाला तासाला ५५० घनमीटरहून थोडी जास्त हवा लागते. यंत्र घेताना दुकानदाराला हा आकडा विचारा. मोकळ्या तोंडाला मोजलेला आकडा मोठा असतो, पाइप आणि जाळी लावल्यावर तो बराच उतरतो, म्हणून ऐपतीप्रमाणे वरचे घ्या. पाइप सांडपाण्याचा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी चालतो. तो आतून गुळगुळीत असतो, त्यामुळे हवा शिट्टी मारत नाही. घडीची लवचीक नळी हवा अडवते आणि गुणगुणते, ती फक्त शेवटी, यंत्राजवळ हातभर ठेवा. काटकोनाचा एक बेंड टाकण्याऐवजी ४५ अंशाचे दोन टाका. पाइप जितका आखूड तितके बरे. पीव्हीसीवर भुसा घासून वीज साचते आणि हाताला झटका बसतो. पाइपावर उघडी तांब्याची तार गुंडाळून ती यंत्राच्या लोखंडी अंगाला आणि अर्थिंगला जोडली की त्रास जातो.

पाइपाचे तोंड जिथे धूळ निघते तिथे लावणे हे अर्ध्याहून जास्त काम आहे. हवा फुंकली तर ती लांब जाते, ओढली तर तोंडापासून वीतभर अंतरावरच तिचा जोर संपतो. म्हणून खोलीच्या कोपऱ्यात उभे केलेले यंत्र कितीही मोठे असले तरी धूळ ओढत नाही. टेबलावरच्या कटरला खालून प्लायची पेटी बंदिस्त करून पाइप लावा. सँडरला मागे तोंड दिलेलेच असते, तिथे छोटी पिशवी असेल तर ती काढून नळी जोडा. ओढ आहे की नाही हे सुती दोऱ्याचा तुकडा तोंडाजवळ धरून पाहा. अगरबत्ती लावून पाहू नका, भुशाजवळ निखारा नको.

आता यंत्र कुठे ठेवायचे? शक्य असेल तर खोलीबाहेर, विटांच्या भिंतीआड, पावसापासून आडोसा करून. विटांची भिंत आवाज खूप अडवते, पत्रा फारच कमी. पण शेजाऱ्याच्या खिडकीखाली ठेवून आपली खोली शांत केली तर तो शेजारधर्म नव्हे. गल्लीत जागाच नसेल तर खोलीतच १८ मिलिमीटर प्लायची पेटी करा. पेटीला आतून रॉकवूल लावा आणि त्यावर जाळीचे कापड ताणा, म्हणजे धागे उडणार नाहीत. लावताना हातमोजे घाला, ते खाजते. थर्माकोल लावू नका, तो आवाज शोषत नाही आणि पेटतो. अंड्याचे ट्रे लावायचा सल्ला बरेच जण देतात, त्यानेही आवाज अडत नाही. जुनी गोधडी आवाज चांगली शोषते, पण तिची जागा मोटरजवळ नाही. घरात जाणाऱ्या दारावर दुहेरी गोधडी टांगा, तिथे ती धूळही थोडी अडवेल. महिन्यातून एकदा ती बाहेर ओल्या फडक्याने पुसा किंवा धुवा, घरात झटकू नका.

पेटी पूर्ण बंद करायची नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर जातो, पत्र्याखाली तर त्याहून जास्त, आणि कोंडलेली मोटर जळते. हवा आत यायला आणि बाहेर जायला वाट हवीच, पण ती सरळ नको. पेटीच्या आत एक-दोन आडव्या फळ्या लावून वाट नागमोडी करा आणि तिलाही रॉकवूल लावा. हवा वळणे घेत जाते, आवाज वळणावर विरतो. मोटरसायकलच्या सायलेन्सरचे तत्त्व यासारखेच आहे. मोटरचे पाय ट्रकच्या जुन्या टायरच्या तुकड्यांवर टेकवा. पाइपाला पत्र्याच्या भिंतीला थेट क्लॅम्प मारू नका, मध्ये रबर घाला, नाहीतर अख्खा पत्रा ढोलासारखा वाजतो. मी तर म्हणेन, पैसे नसतील तर बाकी सगळे नंतर करा, रबराचे तुकडे आजच घाला. फुकटचे काम आहे आणि लगेच फरक कळतो.

शेवटी हवा कुठे सोडायची? यंत्राबरोबर येणारी कापडी पिशवी जाड भुसा अडवते, बारीक धूळ तिच्यातून आरपार जाऊन खोलीभर पसरते. म्हणजे आपणच आणलेले यंत्र सर्वांत वाईट धूळ नाकासमोर उडवते. अंधारात टॉर्च मारून पिशवीकडे पाहा, दिसेल. बारीक विणीची जाळी घ्या, नाहीतर पाइपाने हवा छपराच्या वर सोडा, कुणाच्या खिडकीसमोर नाही. हवा बाहेर सोडणार असाल तर तितकीच आत यायला मागचे दार किंवा खिडकी उघडी हवी.

कूलरबद्दल एक गोष्ट. एप्रिल-मेमध्ये मिस्त्री कूलर लावून सँडर मारतो. त्या वाऱ्याने धूळ घरभर जाते, आणि कूलरचे ओले गवत ती पकडत नाही. कूलर पाठीमागे आणि बाहेरचे दार पुढे, असे उभे राहा, म्हणजे वारा धूळ बाहेर नेईल. आणि कंप्रेसरने कपडे व टेबल फुंकून साफ करायची सवय सोडा. दिवसभर गोळा केलेली धूळ एका मिनिटात परत हवेत जाते. झाडण्याआधी पाणी शिंपडा.

विजेचे काम वायरमनकडूनच करून घ्या. कटर आणि ओढणारे यंत्र एकाच पातळ एक्स्टेंशनवर चालवले तर वायर तापते, आणि खोलीत भुसा असतो. अडीच चौरस मिलिमीटरची वायर, १६ अँपिअरचे सॉकेट, एमसीबी आणि खरोखरची अर्थिंग हवी. आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरते. त्या वेळी इंडक्शन मोटर हुं हुं करते पण फिरत नाही, आणि तशीच सोडली तर जळते. लगेच बंद करा. खिळे लागलेले जुने लाकूड कापताना ठिणगी डब्यात जाऊ शकते, त्यामुळे रात्री डबा रिकामा करूनच झोपा. अळशीच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर त्या आपोआप पेटतात, त्या वेगळ्या वाळवा. साध्या लाकडाचा भुसा शेगडीला चालतो, प्लाय आणि एमडीएफचा चुलीत घालू नका.

एवढे केल्यावरही मास्क सुटत नाही. रुमाल बांधणे म्हणजे मनाची समजूत. आयएस ९४७३ छापलेला एफएफपी२ मास्क घ्या. दाढी वाढली असेल तर तो कडेने गळतो. कानात बोळे घाला. कामाचे कपडे बाहेरच्या खोलीत काढा. ते धुणारी बाई झटकून धुते आणि तीच धूळ खाते, म्हणून आधी भिजवायला सांगा. सँडर चालू असताना गरोदर बाई आणि लहान लेकरू त्या खोलीत नको. आणि फरशी, दगड किंवा कोटा कापणाऱ्यांची धूळ वेगळी आहे. त्यातल्या सिलिकाने फुप्फुस कडक होते आणि क्षयरोगाचा धोका वाढतो. तिथे कोरडी कटाई नकोच, पात्यावर पाणी सोडूनच कापा.

कायद्याचे थोडे. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. लग्नसराईतही रात्री दहानंतर कटर बंद ठेवला तर तक्रारीची वेळच येत नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असतानाच्या कामातून १९४६ साली कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आला, पण तो कायदा कारखान्यापुरता. १९४८ च्या कारखाने कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी १० कामगार लागत, नव्या संहितेत २० लागतात. बापलेकाच्या पत्र्याच्या खोलीत कुणी निरीक्षक येणार नाही. तिथले तास आणि तिथली धूळ आपल्यालाच मोजावी लागेल.

पैशासाठी एक वाट आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला, आपल्या मुक्तिसंग्राम दिनालाच, सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि ५ टक्के व्याजाने पहिले १ लाखापर्यंत कर्ज मिळते. सुतारकाम हे जातीने सुतार असणाऱ्याचेच, असे कुणी सेवा केंद्रात सांगितले तर ऐकून परत येऊ नका. अट धंद्याची आहे. एका कुटुंबातून एकालाच मिळते, तेव्हा घरात ठरवून अर्ज करा. बांधकामावर वर्षाला ९० दिवस काम करणाऱ्या सुताराने बांधकाम कामगार मंडळातही नोंद करावी.

दोन आठवड्यांवर खोकला गेला तर थुंकी तपासा. काम सोडून गावी गेल्यावर दम कमी होतो आणि कामावर आला की वाढतो, असे असेल तर डॉक्टरांना आपण काय कापतो हे स्वतःहून सांगा, कारण ते बहुतेक वेळा विचारत नाहीत. सागवान, एमडीएफ, पॉलिश, जे असेल ते नावाने सांगा. एकाच बाजूचे नाक महिनोन् महिने बंद, किंवा त्यातून रक्त, हे सर्दीच्या गोळीवर ढकलू नका. लोह्याच्या ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नाक-कान-घसा विभागात दाखवा, ते लातूर रस्त्यावरच आहे. दमासाठी फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी छातीच्या विभागात होते. जाताना कामाची किती वर्षे झाली, दिवसाचे किती तास आणि यंत्र कोणते, हे कागदावर लिहून न्या.